कुमैत घोडी आणि एकोणीसचा पाढा

मुलांनो, २०२५ च्या मे महिन्याच्या सुटीत मी रोज सकाळी एका घोडीला पाढे म्हणून दाखवत होते. हसू नका, अगदी खरं सांगतेय. एक रिकामी बादली पालथी घालायची, तिच्यावर बसायचं, घोडीकडे चक्क पाठ करायची आणि 'बे एके बे'पासून सुरुवात करायची. एकोणीसचा पाढा संपला की उठायचं आणि घरी चहा प्यायला जायचं.

माझ्या पाठीमागे लोखंडी नळ्यांचं सहा फूट उंच कुंपण. कुंपणाच्या आत, माझ्यापासून जितकं लांब जाता येईल तितक्या लांबच्या कोपऱ्यात, ती घोडी उभी. चार वर्षांची, तांबूस अंगाची, आयाळ आणि शेपूट काळीभोर. आमच्या शहादा तालुक्यात सारंगखेड्याला दत्तजयंतीची यात्रा भरते, तिथल्या घोडेबाजारात या रंगाला 'कुमैत' म्हणतात. तिथले घोडे मी लहानपणापासून बघत आलेय. पण असली घोडी मी कधी पाहिली नव्हती. चार वर्षांत तिला एकाही माणसानं हात लावला नव्हता. म्हणजे, प्रेमानं लावला नव्हता. आणि पाच जूनच्या आत तिनं आपले चारही पाय आपणहून माणसाच्या हातात द्यावेत, अशी आमची सगळ्यांची धडपड चालली होती. पाच जूनच का, तेही सांगते. पण आधी जरा त्या मुलखात जाऊन येऊ.

अमेरिकेचा नकाशा काढा बरं. डावीकडे समुद्राला लागून कॅलिफोर्निया आणि त्याला चिकटून नेवाडा. दोघांच्या मधे सिएरा नेवाडा पर्वताची भिंत. समुद्रावरून येणारे ढग आपलं बहुतेक पाणी या भिंतीच्या पलीकडेच ओतून रिकामे होतात आणि नेवाडा कोरडा राहतो. सह्याद्रीमुळे आपले माण-खटाव कोरडे राहतात, तसंच हे. माझी मावसबहीण, आमची ताई, या नेवाडातल्या रेनो शहराच्या उत्तरेला राहते. रेनोची उंची जवळजवळ आपल्या महाबळेश्वराएवढी, पण पाऊस वर्षाला जेमतेम अठरा-एकोणीस सेंटिमीटर. एवढा पाऊस महाबळेश्वरात जुलैमधल्या एखाद्या दिवशीच पडून जातो!

मे महिन्यातही लांबच्या डोंगरांवर बर्फ दिसत होता. सकाळी स्वेटर, दुपारी टोपी. सगळीकडे तपकिरी टेकड्या आणि त्यांच्यावर गुडघाभर उंचीची राखाडी झुडपं. पहिल्याच दिवशी मी एक पान चुरगाळून नाकाशी नेलं आणि थबकलेच. हा वास तर ओळखीचा! नंतर कळलं की हे झुडूप, सेजब्रश त्याचं नाव, आपल्या दवण्याच्याच कुळातलं आहे. जोतिबाला आपण वाहतो तो दवणा. इतक्या लांब, अनोळखी माळावर तो वास आला आणि मला एकदम बरं वाटलं.

या झुडपांच्या माळावर मोकळे घोडे हिंडतात. त्यांना तिकडे 'मस्टँग' म्हणतात. हा शब्द मूळचा स्पॅनिश, अर्थ साधारण 'धनी नसलेलं, भटकं जनावर'. गंमत अशी की घोड्यांचे पूर्वज उत्तर अमेरिकेतच जन्मले, पण सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी ते तिथून नाहीसे झाले. मग १४९३ साली कोलंबसाच्या दुसऱ्या सफरीत आणि त्यानंतर आलेल्या स्पॅनिश लोकांच्या जहाजांतून घोडे पुन्हा त्या खंडात उतरले. काही पळाले, काही सुटले, काही सोडून दिले गेले. त्यांचीच ही पिढ्यान् पिढ्यांची पोरं. म्हणजे वाघ-हरणासारखे ते मुळातले रानटी नव्हेत. माणसाकडून रानात परत गेलेले.

ताईच्या शेजारी एक आजी राहतात. वय सत्तरीच्या पुढे, सगळा जन्म घोड्यांत गेलेला. त्यांनी एप्रिलच्या शेवटी ही कुमैत घोडी दत्तक आणली होती. हो, दत्तक! घोडा दत्तक कसा घेतात, असं मीही विचारलं. तेव्हा माझी भाची म्हणाली, "मावशी, चल, तुला ऑफिसच दाखवते."

ऑफिस म्हणजे पालोमिनो व्हॅली नावाचं सरकारी केंद्र. रेनोहून पिरॅमिड सरोवराकडे जाणाऱ्या रस्त्यावर, साधारण तीस किलोमीटरवर. लोखंडी कुंपणांचे मोठमोठे कप्पे आणि त्यांत शेकडो घोडे. काळे, तांबडे, करडे, ठिपक्यांचे. आम्ही कुंपणाजवळ गेलो की सगळा कळप पाण्याची लाट सरकावी तसा मागे सरकायचा. टापांचा आवाज, धूळ, आणि मग शेकडो कान आमच्याकडे वळलेले.

हे घोडे इथं का, तर माळ थोडा आणि घोडे फार. २०२५ च्या मार्चमधला सरकारी अंदाज असा की मोकळे घोडे आणि गाढवं मिळून सुमारे ७३ हजार आहेत. आणि त्या कोरड्या जमिनीला पंचवीस-सव्वीस हजारच पोसवतील, असं सरकारचं म्हणणं. म्हणून हेलिकॉप्टरनं हाकत आणून काही घोडे पकडतात आणि लोकांना दत्तक देतात. या पकडण्यावरून तिकडे जोराची भांडणं आहेत. कोणी म्हणतं घोडे फार झाले, कोणी म्हणतं माळावर चरणारी गुरंच फार झाली. मी दोन्ही बाजूंची माणसं भेटले. दोन्हीकडची माणसं घोड्यांवर जीव टाकणारीच निघाली, म्हणून मी आपली गप्प बसले.

प्रत्येक घोड्याच्या मानेवर डाव्या बाजूला पांढऱ्या रेघांची एक ओळ होती. काटकोन, त्रिकोणाच्या बाजू, उभ्या रेघा. जणू कोणी भूमितीची वही मानेवर उमटवलीय! ती एक सांकेतिक लिपी आहे. घोड्याचा जन्म साधारण कुठल्या वर्षी झाला आणि त्याचा नोंदणी क्रमांक काय, ते त्यात लिहिलेलं असतं. आकड्यांऐवजी कोन. द्रवरूप नायट्रोजनमध्ये गारठवलेला ठसा मानेवर धरतात. त्या थंडीनं केसांचा रंग जातो आणि तिथं पांढरे केस उगवतात. भाचीनं मला ती लिपी शिकवली आणि मी अर्धा तास मान वाकडी करून घोड्यांची जन्मवर्षं वाचत होते.

घोडा दत्तक घ्यायला वय अठरा पूर्ण लागतं. साधं शुल्क १२५ डॉलर. पण नियम कडक. प्रत्येक घोड्यामागे निदान चारशे चौरस फुटांचं रिंगण हवं, मोठ्या आणि न माणसाळलेल्या घोड्यासाठी कुंपण सहा फूट, काटेरी तार चालायची नाही, निवारा हवा. आणि वर्षभर घोडा सरकारचाच राहतो. वर्षानंतर तो नीट आहे असा दाखला मिळाला तरच कागद आपल्या नावावर.

हा नियम कशासाठी, त्यामागे एका बाईची गोष्ट आहे. १९५० साली रेनोच्याच रस्त्यावर वेल्मा जॉन्स्टन नावाची एक बाई मोटारीनं कामावर चालली होती. कचेरीत सेक्रेटरीची नोकरी. लहानपणी पोलिओ झालेला, त्यामुळे चेहरा आणि अंग थोडं वाकलेलं. तिच्या पुढे एक ट्रक होता आणि ट्रकमधून रक्त ठिबकत होतं. तिनं पाठलाग केला. ट्रक कत्तलखान्यात शिरला. आत रानातले घोडे खच्चून भरलेले. तेव्हा विमानं आणि ट्रक मागे लावून घोडे दमेपर्यंत पळवायचे, पकडायचे आणि कुत्र्या-मांजरांच्या डबाबंद खाण्यासाठी विकायचे, असा धंदाच चालत असे.

वेल्माबाईंनी ठरवलं की हे थांबवायचं. विरोधकांनी त्यांना चिडवायला 'वाइल्ड हॉर्स ॲनी' असं नाव ठेवलं. त्यांनी तेच नाव मिरवायला घेतलं! १९५९ साली विमानं आणि मोटारी लावून घोडे पकडण्यावर बंदी घालणारा कायदा झाला. तेवढ्यानं भागेना. मग त्यांनी कोणाला हाक मारली असेल? शाळेतल्या मुलांना. देशभरातल्या मुलांनी पेन्सिलीनं, रंगीत खडूंनी आपल्या खासदारांना पत्रं लिहिली. लोकांनी त्याला 'पेन्सिलींचं युद्ध' असं नाव दिलं. त्या काळात व्हिएतनामच्या युद्धाखालोखाल सर्वांत जास्त पत्रं घोड्यांबद्दलच आली, असं तिकडे सांगतात. १९७१ च्या डिसेंबरात रानातल्या घोड्यांना आणि गाढवांना संरक्षण देणारा कायदा झाला. वेल्माबाई १९७७ साली वारल्या.

कायदा झाला, पण म्हणून सगळे घोडे सुखी झाले असं नाही हं. घोडा हौसेनं घरी नेतात, तो जवळ येऊ देत नाही, मग कंटाळून विकून टाकतात. असे काही दत्तक घोडे हातोहात फिरत शेवटी कत्तलीसाठी गेल्याचं २०२१ साली वर्तमानपत्रांनी उघडकीला आणलं. म्हणूनच आजी म्हणायच्या, "जी घोडी माणसाला जवळ येऊ देते ना, तिला कोणीही ठेवून घेतं. मी सत्तरीची आहे. माझ्या मागं हिचं काय, याची तजवीज मला आत्ताच करायला हवी."

आता पाच जूनचं. घोड्याचं खूर आपल्या नखासारखं वाढतं, महिन्याला साधारण पाऊण ते एक सेंटिमीटर. माळावर खडकांवरून मैलोन् मैल चालताना ते आपोआप झिजतं. रिंगणात झिजत नाही. वाढलं, फुटलं की घोडा लंगडतो. आमच्या घोडीच्या एका मागच्या खुराला चीर दिसत होती. नालबंदानं तारीख दिली होती पाच जून. त्याच्या आत पाय उचलून द्यायला ती शिकली नाही, तर डॉक्टरला बोलावून गुंगीचं इंजेक्शन द्यावं लागणार. "तसंही करतात. चूक नाही त्यात, वेळ आली तर मीही करीन," आजी म्हणाल्या. "पण सहा-आठ आठवड्यांनी खुरं पुन्हा वाढणार. मग पुन्हा गुंगी. असं किती वेळा?"

आपल्याकडे घोडा शिकवणाऱ्याला शब्दच आहे 'चाबूकस्वार'. नावातच चाबूक! तिकडेही घोडा शिकवण्याला जुना शब्द 'तोडणं' असाच आहे. गळ्यात फास टाकायचा, डोळ्यांवर फडकं बांधायचं, पाठीवर बसायचं आणि घोडा उड्या मारून मारून हताश होईपर्यंत बसून राहायचं. घोडा गप्प होतो खरा. पण शिकत नाही, फक्त हरतो. हे काही आजचं शहाणपण नाही. झेनोफोन नावाच्या ग्रीक सेनापतीनं सुमारे २४०० वर्षांपूर्वी घोड्यांवर पुस्तक लिहिलं, त्यातही त्यानं घोड्यावर रागानं हात टाकू नये असं बजावलंय. पश्चिम अमेरिकेत टॉम डोरन्स (१९१०–२००३) आणि त्यांच्याकडे शिकलेले रे हंट (१९२९–२००९) या दोन गुराख्यांनी हीच रीत पुन्हा लोकांसमोर आणली. आजींनी रे हंट यांना शिकवताना पाहिलं होतं.

पहिले काही दिवस आजींनी काहीच केलं नाही! ठरलेल्या वेळी लसूणघास टाकायचा, पाणी भरायचं आणि निघून यायचं. बस्स. मी आले तेव्हा त्यांनी मला काम दिलं ते बादलीवर बसून बोलण्याचं. माणसाचा आवाज येतो आणि वाईट काही घडत नाही, एवढंच घोडीला कळायला हवं. "काय बोलू?" मी विचारलं. "काहीही. फक्त घाईघाईनं नको." पहिलीच्या बाईला न अडखळता, एका लयीत, अर्धा तास बोलता येईल असं काय येणार? पाढे!

आणि पाठ का करायची? घोडा म्हणजे वाघ-लांडग्यांचं भक्ष्य. त्याच्याकडे टक लावून सरळ चालत येतो तो खाणारा, हे त्याच्या रक्तात असतं. आपल्याला पहिलीत येणारी पोरं आठवतात का? जूनमध्ये दाराची चौकट घट्ट धरून ठेवणारी. त्यांच्याकडे धावत गेलं की ती आणखी मागे सरतात. मी आता जात नाही. मी आपली फळ्यावर चित्र काढत बसते.

मग आजी रिंगणात शिरू लागल्या. त्यांचं चालणं बघण्यासारखं होतं. सरळ कधीच नाही, तिरकं, घोडीच्या खांद्याच्या रोखानं, जणू दुसरीकडेच चाललोय. घोडीनं मान वर केली की तिथंच थांबायचं. ती पळाली तर समजायचं, आपण थांबायला उशीर केला. पण न पळता तिनं क्षणभर वळून पाहिलं, की त्याच क्षणी पाठ फिरवून लांब निघून यायचं.

मला काही समजेना. जवळ जायचंय तर लांब का यायचं? आजींनी समजावलं, "या घडीला तिला जगात हवंय तरी काय? खाऊ? नाही. मी लांब जावं, एवढंच. मग तेच तिचं बक्षीस. शांत उभं राहिलं की हे भूत आपोआप जातं, हे तिला कळलं की भुताची भीती उरत नाही. आणि भीती उरली नाही की घोडा भारी चौकस असतो, बघच तू."

बघितलंच मी. सातव्या दिवशी आजी पाठ फिरवून निघाल्या आणि घोडी चार पावलं त्यांच्या मागे आली. नाक पुढे, कान पुढे. भाचीनं माझा हात इतका घट्ट दाबला की वळ उठला.

आता माझी चूक सांगते. अकराव्या दिवशी मी बादलीवर बसून बाराचा पाढा म्हणत होते आणि मानेवर गरम वारा आला. घोडी कुंपणाला नाक लावून उभी! तिचा श्वास होता तो. मी काय करावं? मी गर्रकन वळले आणि नळ्यांच्या फटीतून तिच्या कपाळावर हात ठेवायला गेले. ती उसळली, मागच्या मागे फिरली आणि कुंपणावर जोरानं आदळली. खांद्याचं कातडं सोलवटलं. रक्त आलं.

घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, म्हणून त्याला जवळजवळ सगळीकडचं दिसतं. दिसत नाही ते फक्त दोन ठिकाणचं. एक शेपटीमागचं आणि दुसरं अगदी कपाळासमोरचं. मी हात नेला होता तो नेमका तिथं. तिच्या दृष्टीनं तो हात हवेतून उगवला! आजी मला एक शब्दही वाईट बोलल्या नाहीत. "मीच आधी सांगायला हवं होतं," म्हणाल्या आणि जखमेवर औषध लावता येईना म्हणून लांबून फवारा मारत राहिल्या. मी घरी येऊन रडले. पुढचे चार दिवस घोडी पुन्हा लांबच्या कोपऱ्यात. माझ्या एका सेकंदाच्या हौसेपायी आजींची अकरा दिवसांची मेहनत. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी टेबलावर पट्टी ठेवत असे, मुलं कशी एकदम गप्प बसायची, ते त्या चार दिवसांत मला फार आठवलं.

पाचव्या दिवशी पुन्हा बाराच्याच पाढ्याला गरम वारा आला. या वेळी मी हलले नाही. 'बारा नवे अठ्ठोत्तरशे' म्हणत राहिले.

त्यानंतर आजींनी आणला बांबू. तीन मीटर लांब, टोकाला मऊ फडकं गुंडाळलेला. मारायला नव्हे हं! आयाळ जिथं संपते आणि पाठ सुरू होते, त्या उंचवट्यावर लांबूनच हलकेच टेकवायला. घोडे एकमेकांना प्रेमानं दातांनी खाजवतात ते याच जागी. १९९३ साली फ्रान्समधल्या दोन संशोधकांनी प्रसिद्ध केलं की तिथं खाजवलं की घोड्याच्या हृदयाचे ठोके मंदावतात. बांबू टेकला तेव्हा पहिल्यांदा घोडीचं कातडं माशी बसल्यासारखं थरथरलं. ती जरा स्थिर झाली की बांबू लगेच दूर. पुन्हा टेकवायचा, पुन्हा दूर. दुसऱ्या दिवशी तिचा खालचा ओठ लोंबायला लागला, डोळे अर्धवट मिटले. आजी रोज बांबू थोडा जवळून धरत होत्या. तीन मीटरचे दोन झाले, दोनाचा एक झाला आणि एका संध्याकाळी बांबू खाली पडला तरी घोडीला पत्ता नाही. फडक्याच्या जागी आजींचा हात होता.

दोन दिवसांनी त्यांनी मला आत बोलावलं. खांद्याच्या बाजूनं, हळू, तिला दिसेल असा हात नेला. ऊन ऊन लागलं आणि धुळकट. हिवाळ्याचे केस गळायचे दिवस होते, माझ्या मुठीत तांबड्या केसांचा पुंजकाच आला. तिनं मान वळवून माझ्या ओढणीचा वास घेतला. माझे हात थरथरत होते, तिचं अंग नाही.

मग म्होरकी घालणं, कासरा लावणं हे भराभर झालं. कासरा थोडा ताणायचा आणि वाट बघायची. तिनं नुसतं अंग पुढे झुकवलं तरी दोर लगेच सैल. ओढाओढ केली असती तर जिंकणार कोण? तिचं वजन साडेतीनशे किलोच्या घरातलं! पायांचंही तसंच. आधी पायाला हातांनी चोळायचं, मग एक सेकंद उचलायचा आणि तिनं हिसकायच्या आत आपणच खाली ठेवायचा. मग दोन सेकंद. मग पाच. पुढचे दोन पाय सोपे गेले. मागच्यांना वेळ लागला, आणि चिरलेल्या खुराचा पाय तर ती उचलूच देईना. दोनदा लाथ झाडली. आजी वेळेवर बाजूला झाल्या. (मुलांनो, हे सगळं वाचून कुठल्या अनोळखी घोड्यापाशी जाल तर खबरदार. आजींच्या हाताशी पन्नास वर्षांचा अनुभव होता आणि तरी त्या लाथेच्या टप्प्यात कधी उभ्या राहिल्या नाहीत.)

पाच जूनला सकाळी नालबंद आला. धिप्पाड माणूस, चामड्याचा पट्टा कमरेला, हातात कानस. नवा माणूस बघून घोडी ताठ झाली. कान मागे. आजींनी कासरा सैल धरला आणि मला म्हणाल्या, "तुझं ते गाणं म्हण ना." त्यांना इतके दिवस पाढे म्हणजे गाणंच वाटत होतं!

मी सुरू केलं. बे एके बे. नालबंदानं हसून बघितलं, पण घाई केली नाही. पाचाच्या पाढ्याला घोडीचा एक कान माझ्याकडे वळला. सहाच्या पाढ्याला त्यानं खांद्यावर हात ठेवला. आठाच्या पाढ्याला पुढचा डावा पाय उचलला गेला आणि कानशीचा खरखर आवाज सुरू झाला. तेराला दुसरा झाला. मागचा डावा पाय तिनं दोनदा हिसकला, तिसऱ्यांदा दिला, तेव्हा मी एकोणीसवर पोचले होते. घसा कोरडा पडला होता आणि पुढचा पाढा म्हणजे वीस, तो फारच सोपा, म्हणून मी एकोणीसच पुन्हा म्हटला.

राहिला चिरलेल्या खुराचा पाय. नालबंद वाकला. घोडीनं पाय उचललान्, क्षणभर त्याच्या हातात ठेवलान् आणि काढून घेतला. तिच्या मानेवर घाम आला होता. नालबंदानं आजींकडे बघितलं. "जोर लावला तर होईल आज," तो म्हणाला. आजींनी मान हलवली. "एक सेकंद दिला तिनं. आजच्यापुरता तो पुरे. पुढच्या गुरुवारी याल?" तो हो म्हणाला आणि आजींनी म्होरकी काढून घोडीला मोकळं सोडलं. ती पळाली नाही. तिथंच उभी राहून लसूणघास खात राहिली.

पुढच्या गुरुवारपर्यंत मी थांबू शकत नव्हते, आठ तारखेचं विमान होतं. शाळा उघडायची होती, वर्ग सजवायचे होते, नवी पुस्तकं मोजून घ्यायची होती. नेमक्या त्या गडबडीत भाचीचा निरोप आला, घोडीच्या चौथ्या खुराच्या फोटोसकट. चीर कानशीनं स्वच्छ केलेली, कड गोल. खाली तिनं लिहिलं होतं: 'मावशी, झालं! पण मला पाढे फक्त पाचापर्यंतच येतात, त्यामुळे ते बारा वेळा म्हणावे लागले. पुढचे पाठवून दे. खुरं ऑगस्टमध्ये पुन्हा वाढणार आहेत.'

मी सहापासून एकोणीसपर्यंत लिहून पाठवले.